छातीवरच्या फिती कशा वाचायच्या? नौदल अधिकाऱ्याचा हुद्दा आणि पदकं

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्यदिन आला की संरक्षण दलांच्या पुरस्कारांची यादी जाहीर होते. पेपरात नावं येतात आणि नावांमागे अक्षरांची माळ येते. २०२४ मध्ये नौदलप्रमुख झालेल्या ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांच्या नावामागे पीव्हीएसएम, एव्हीएसएम, एनएम. त्यांच्या आधीचे ॲडमिरल हरी कुमार यांच्या नावामागे पीव्हीएसएम, एव्हीएसएम, व्हीएसएम आणि वर एडीसी. आपण ही अक्षरं डॉक्टरांच्या पाटीवरच्या पदव्यांसारखी वाचतो: जितकी जास्त तितका माणूस मोठा.

एका सत्कार समारंभात सूत्रसंचालकाने निवृत्त अधिकाऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "छातीवरची ही डझनभर पदकं म्हणजे डझनभर लढायांची साक्ष!" टाळ्या पडल्या. अधिकारी मात्र खुर्चीत जरा अवघडून बसले होते. कारण त्या डझनातली बरीचशी पदकं कशाची असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नौदलाच्या गणवेशावर तीन वेगवेगळी खाती उघडलेली असतात. हुद्दा खांद्यावर. किती वर्षं आणि कुठे कुठे नोकरी केली, ते छातीवर. आणि जिवावर उदार होऊन काही केलं असेल, तर तेही छातीवरच, दुसऱ्या खात्यात मिसळलेलं. हे शेवटचं खातं वेगळं काढून वाचता आलं पाहिजे.

आधी खांदा: पट्ट्या आणि थर

कमिशन मिळणं म्हणजे राष्ट्रपतींच्या सहीने अधिकारी म्हणून नेमणूक होणं. मुलगा खडकवासल्याच्या एनडीएतून आला असो की थेट केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीतून, सुरुवात सब लेफ्टनंट म्हणून होते. खांद्यावर एक सोनेरी पट्टी, तिला वर एक गोल वेढा. लेफ्टनंटला दोन पट्ट्या, लेफ्टनंट कमांडरला दोन जाड आणि मधे एक बारीक, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. कमोडोरला एकच, पण चांगली रुंद. त्यापुढे रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि ॲडमिरल हे ओळखायचे ताऱ्यांवरून: दोन, तीन, चार.

ॲडमिरल मंडळींच्या खांद्यावर हल्ली एक अष्टकोन दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी नौदल दिन साजरा झाला, त्यानंतर त्याच महिन्यात हे नवं चिन्ह आलं. तो आकार शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. नौदलाच्या झेंड्यावर तो त्याआधी, २०२२ मध्येच आला होता.

ही बढती कशी मिळते? दहीहंडी डोळ्यांसमोर आणा. खालच्या थरात उभं राहायला माणसं पुष्कळ लागतात आणि तिथवर बहुतेक सगळे पोचतात. आजच्या नियमांत लेफ्टनंट साधारण दोन वर्षांनी, लेफ्टनंट कमांडर सहा वर्षांनी आणि कमांडर तेरा वर्षांनी होता येतं; परीक्षा आणि समुद्रावरची ठरावीक सेवा पूर्ण केली म्हणजे झालं. त्यावरच्या थरांसाठी मात्र निवड मंडळ बसतं. वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, जहाजाचं नेतृत्व केलं की नाही, वय, जागा किती रिकाम्या, हे सगळं बघून थोडेच वर घेतले जातात. वरच्या थरावर जागाच कमी. एकदा मागे राहिलेला अधिकारी नालायक असतो असं नाही; त्या वर्षी हंडीला तेवढेच हात पुरले, एवढाच अर्थ.

आता एक गोंधळ इथेच सोडवू. सैन्यातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सैन्यातला कॅप्टन चार-पाच वर्षं नोकरी झालेला तरुण असतो, त्याच्या तोडीचा नौदलात लेफ्टनंट. नौदलाचा कॅप्टन सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा. त्यात भर म्हणजे जहाज चालवणाऱ्या प्रमुखाला, त्याचा हुद्दा कोणताही असो, कॅप्टन म्हणण्याची समुद्रावरची जुनी रीत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेलेल्या निर्घात, निपात आणि वीर या तिन्ही क्षेपणास्त्र बोटींचे कप्तान हुद्द्याने लेफ्टनंट कमांडर होते. त्याच युद्धात ९ डिसेंबरला खुकरी ही युद्धनौका बुडाली, तेव्हा तिच्याबरोबर गेलेले महेंद्रनाथ मुल्ला हे मात्र हुद्द्यानेही कॅप्टन आणि जहाजाचेही कॅप्टन.

मग छाती: धातू घरी, फीत अंगावर

पूर्ण आकाराची धातूची पदकं संचलनासारख्या मोठ्या प्रसंगी लावतात, रात्रीच्या समारंभी जेवणाला त्यांच्या चिमुकल्या प्रती. रोजच्या गणवेशावर फक्त कापडी फिती, सव्वा इंच रुंदीच्या, डाव्या खिशावर ओळीने. म्हणजे फोटोत आपल्याला दिसतात ते रंग.

वाचायचं पुस्तकासारखं: वरच्या ओळीपासून आणि आपल्या डावीकडून उजवीकडे. सर्वांत मानाची फीत पहिली. क्रम सरकारने ठरवून दिलेला असतो, अधिकाऱ्याच्या आवडीचा नसतो. खिशाच्या वर सोनेरी पंख दिसले तर तो वैमानिक, डॉल्फिन असतील तर पाणबुडीवरचा. ही कौशल्याची चिन्हं; पदकांत मोजायची नाहीत.

हजेरी, प्रसाद आणि प्रवास

सर्वांत मोठा गठ्ठा इथे असतो.

शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस असायचं, तसं नऊ वर्षं, वीस वर्षं आणि तीस वर्षं निष्कलंक सेवेचं पदक असतं. तिन्ही वेगळी, तिन्ही एकदमच लावता येतात. मग जत्रेतला प्रसाद: स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या, पन्नासाव्या आणि पंचाहत्तराव्या वर्षी त्या दिवशी जे जे सेवेत होते, त्या सगळ्यांना एकेक पदक. रांगेत उभा होता, त्याला मिळाला.

हिशेब करून बघा. १९९२ मध्ये कमिशन घेतलेला आणि २०२३ पर्यंत सेवेत असलेला अधिकारी. नऊ, वीस, तीस वर्षांची तीन आणि १९९७ व २०२२ ची दोन. एकही गोळी न झाडता पाच फिती झाल्या.

त्यानंतर प्रवासाची पदकं. खडतर भागातल्या सेवेसाठी सैन्य सेवा पदक, परदेशातल्या नेमणुकीसाठी विदेश सेवा पदक, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेला असेल तर त्यांचं निळं-पांढरं पदक. आणि मोहिमांची: १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना संग्राम पदक, त्यातही पूर्वेच्या आघाडीवर असेल तर पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर असेल तर पश्चिमी स्टार. एसटीच्या तिकिटासारखं हे. तिकिटावरून माणूस कोणत्या मार्गाने गेला ते कळतं. गाडीत त्याने काय केलं ते कळत नाही.

मी या पदकांना कमी लेखत नाही. वर्षातले कित्येक महिने घरापासून लांब, मुलांचे वाढदिवस फोनवर, हे तीस वर्षं करणं काही सोपं नाही. पण ते शौर्यपदक नव्हे, आणि कोणताही नौसैनिक तसा दावा करत नाही. दावा आपण करतो, सत्काराच्या व्यासपीठावर.

विशिष्ट, अति विशिष्ट, परम विशिष्ट

पेपरातली अक्षरं बहुतेकदा या घराण्यातली असतात. पीव्हीएसएम म्हणजे परम विशिष्ट सेवा पदक, एव्हीएसएम म्हणजे अति विशिष्ट, व्हीएसएम म्हणजे नुसतं विशिष्ट. १९६० मध्ये ही पदकं सुरू झाली तेव्हा त्यांची नावं पहिला, दुसरा, तिसरा वर्ग अशी सरळ होती. १९६७ मध्ये आजची नावं आली. फीत सोनेरी, परमला गडद निळी एक रेघ, अतिला दोन, विशिष्टला तीन. रेघा जितक्या कमी तितकं पदक मोठं. ही खूण लक्षात ठेवली तर निम्मं काम झालं.

ही पदकं उत्तम कामगिरीसाठी असतात, म्हणजे नवं जहाज वेळेत सेवेत आणणं, एखादा नौदल विभाग नीट सांभाळणं, आपत्तीत मदतकार्य उभं करणं. कागदावर कोणत्याही हुद्द्याला मिळू शकतात. व्यवहारात परम विशिष्ट हे व्हाइस ॲडमिरल आणि त्यावरच्यांनाच मिळताना दिसतं. शाळेतून सेवानिवृत्त होताना शाल-श्रीफळ मुख्याध्यापकांना मिळतं, काल लागलेल्या शिक्षकाला नाही, तसंच.

हरी कुमार यांच्या नावामागचं एडीसी? ते पदकच नाही. सेनादलांचे प्रमुख राष्ट्रपतींचे मानद परिसहायक असतात, त्याची ती खूण.

युद्ध सेवा पदकांची आणखी एक तिहेरी मालिका १९८० पासून आहे: सर्वोत्तम, उत्तम आणि साधं. ती युद्धात किंवा संघर्षात उत्तम नेतृत्व आणि नियोजन केल्याबद्दल. म्हणजे डावपेच आखणाऱ्याला, तटबंदीवर चढणाऱ्याला नव्हे.

खरं शौर्य: दोन कुटुंबं, सहा चक्रं

शत्रूसमोर केलेल्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. शत्रू समोर नसताना केलेल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. पहिली तीन १९५० मध्ये सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. दुसरी तीन १९५२ ची.

परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी. पती विक्रम खानोलकर लष्करात अधिकारी. चक्रावरचं इंद्राचं वज्र त्यांना पुराणांच्या अभ्यासातून सुचलं. महावीर आणि वीर चक्रंही त्यांच्याच हातची.

फिती अशा: परमवीर साधी जांभळी, एकही रेघ नाही. महावीर अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोक, कीर्ती, शौर्य या तिन्ही हिरव्या. त्यांवर केशरी रेघा अनुक्रमे एक, दोन, तीन. इथेही रेघा कमी तेच मोठं.

या सहांच्या खाली नौसेना पदक, म्हणजे एनएम. गडद निळी फीत, मधोमध पांढरी रेघ. इथे जपून वाचावं लागतं, कारण हे एकच पदक शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, आणि फितीवरून फरक कळत नाही. यादीत "शौर्य" असा शब्द आहे का, ते बघायचं.

एक युद्ध, दोन मराठी दर्यावर्दी

इतका वेळ कोरडं व्याकरण झालं. आता दोन माणसं घेऊ. दोघंही १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या बाजूला.

मनोहर प्रल्हाद आवटी १९४५ मध्ये तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत आले, इंग्लंडमध्ये डार्टमथच्या नौदल महाविद्यालयात शिकले. १९७१ मध्ये पाणबुडीविरोधी कमोर्टा या जहाजाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. सुरुंग पेरलेल्या पाण्यात शत्रूच्या बंदरांच्या तोंडाशी गस्त घालत जहाजं पकडण्याचं ते काम होतं. त्याबद्दल वीर चक्र. पुढे ते एनडीएचे प्रमुख झाले, पश्चिम विभागाचे सरसेनापती झाले आणि १९८३ मध्ये व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. त्या वाटेवर परम विशिष्ट सेवा पदक.

मोहन नारायणराव सामंत हे पाणबुडीवाले. १९६९ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा इथे सेवेत आलेल्या पहिल्या करंज पाणबुडीचे पहिले कप्तान. १९७१ मध्ये कमांडर असताना त्यांच्याकडे एक विचित्र ताफा आला: पद्मा आणि पलाश या बंदरात काम करणाऱ्या बोटी, त्यांवर तोफा बसवलेल्या आणि मुक्तिवाहिनीची, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी माणसं; सोबत नौदलाची पनवेल नावाची छोटीशी गस्ती बोट. हो, तीच. आपल्या पनवेलचं नाव असलेली. अनोळखी नदीमार्गाने आत घुसून त्यांनी मोंगला आणि खुलना बंदरांवर हल्ला केला. खुलनापाशी आपल्याच विमानांनी चुकून पद्मा आणि पलाशवर बॉम्ब टाकले. त्या बुडत्या बोटींवरच्या माणसांना वाचवणं आणि तरी मोहीम न सोडणं, या कामासाठी सामंतांना महावीर चक्र मिळालं. निवृत्त झाले कॅप्टन म्हणून.

आता दोघांची नावं पदकांसकट लिहा. आवटी: व्हाइस ॲडमिरल, परम विशिष्ट सेवा पदक, वीर चक्र. सामंत: कॅप्टन, महावीर चक्र. हुद्द्याने आवटी तीन पायऱ्या वर, शौर्यपदकाने सामंत एक पायरी वर. कोण मोठा, हा प्रश्नच चुकीचा, कारण ही दोन वेगळी खाती आहेत. सामंतांच्याच मोहिमेत चिमण सिंग हे लीडिंग सीमन होते, अधिकारी नव्हे तर नौसैनिक. त्यांनाही महावीर चक्रच मिळालं. चक्र खांद्यावरच्या पट्ट्या बघत नाही.

"वीर चक्राच्या आधी परम विशिष्ट कसं? सेवा मोठी की शौर्य?"

मलाही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खटकलं होतं. सरकारी क्रमात भारतरत्नानंतर परमवीर आणि अशोक चक्र, मग पद्मविभूषण आणि पद्मभूषण, मग सर्वोत्तम युद्ध सेवा आणि परम विशिष्ट, आणि *त्यानंतर* महावीर व कीर्ती चक्र. वीर चक्र तर अति विशिष्टच्याही मागे. म्हणून आवटींच्या छातीवर सोनेरी फीत आधी आणि निळी-केशरी नंतर.

हा फिती लावण्याचा क्रम आहे, लग्नातल्या पंगतीत मानाने कोण आधी बसतं तसा. त्यावरून कर्तृत्वाची तुलना करायची नसते. माझं मत विचाराल तर महावीर चक्र परम विशिष्टच्या पुढे हवं होतं. पण वाचणाऱ्याला धडा एकच: पहिली फीत बघून थांबू नका, ओळीत केशरी शोधा.

"शौर्यपदक मिळालं म्हणजे बढतीही मिळायला हवी ना?"

निवड मंडळात पदकाची नोंद नक्कीच घेतली जाते. पण बढती हा झालेल्या कामाचा मोबदला नाही, पुढच्या कामाची जबाबदारी आहे. अंधारात नदीतून बोट काढणारा उत्तम कप्तान पन्नास जहाजांच्या ताफ्याचा हिशेब तितकाच उत्तम ठेवेल असं नाही, आणि उलटही खरं.

शौर्याचा मोबदला वेगळा, तोही दरमहा. २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार परमवीर चक्राला महिन्याला २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००, महावीरला १०,०००, कीर्तीला ९,०००, वीरला ७,०००, शौर्यला ६,००० आणि शौर्याच्या नौसेना पदकाला २,०००. परम विशिष्ट सेवा पदकाला केंद्राकडून असा भत्ता नाही. छातीवरच्या पंगतीत मागे बसलेलं महावीर इथे पुढे येतं.

"पद्मश्री नावाला जोडता येत नाही, मग ही अक्षरं कशी चालतात?"

राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारला किताब देण्याची बंदी आहे. रावबहादूर, सर वगैरे गेले ते त्यामुळे. पण त्याच कलमात लष्करी आणि विद्याविषयक सन्मानांना सूट दिली आहे. म्हणून कॅप्टन, डॉक्टर आणि महावीर चक्र नावासोबत चालतात.

"नौदलाला एकही परमवीर चक्र का नाही?"

आजवर एकवीस परमवीर चक्रं दिली गेली. वीस लष्कराला, एक हवाई दलाला. नौदलाच्या वाट्याला शत्रूशी समोरासमोर झुंजण्याचे प्रसंगच कमी आले: १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर नौसैनिक उतरले आणि त्यातले सात धारातीर्थी पडले, मग १९७१. आणखी एक कारण मला वाटतं. जहाज लढतं ते शे-दोनशे माणसांचं मिळून. तोफ कोणी डागली, इंजिन कोणी जिवंत ठेवलं, पाणी कोणी अडवलं, हे एका माणसाच्या नावावर टाकणं अवघड. खंदकावर एकटा धावून गेलेला जवान दिसतो. इंजिनखोलीत उभा राहिलेला दिसत नाही.

"शांततेच्या काळात कसलं आलंय शौर्य?"

हिरव्या फितीची गोष्ट इथे पुन्हा आवटींकडे येते. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी निवृत्तीनंतर लावून धरली. गोव्यात दिवाडी बेटावर म्हादई नावाची बोट बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये चार बंदरांवर थांबून परतले: शौर्य चक्र. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाले आणि कुठेही न थांबता पुढच्या वसंतात मुंबईला आले: कीर्ती चक्र. दक्षिण महासागरात मध्यरात्री एकट्याने डोलकाठीवर चढण्यासाठी जे लागतं, ते शत्रू नसल्याने कमी होत नाही. आवटी २०१८ मध्ये वारले, सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीला. समुद्र तिथून पुष्कळ लांब.

घरी पेटीत पदक असेल तर

कोकणात, विशेषतः रत्नागिरीच्या पट्ट्यात, नौदलात गेलेल्या आजोबा-पणजोबांची पदकं अजून कित्येक घरांत तांदळाच्या डब्याशेजारी किंवा देव्हाऱ्याच्या खणात असतात. कोणाचं, कशाचं, हे सांगणारं माणूस उरलेलं नसतं. घासून चकचकीत करण्याआधी पदकाची कड भिंगाखाली धरा. भारतीय सेवापदकांच्या कडेवर सहसा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, आणि चिंच-राखेने घासलं की तेच आधी जातं. फीत फाटली असेल तर फेकू नका. रंगांवरून पदक ओळखता येतं, आणि तारीख नसलेल्या जुन्या फोटोतल्या फितींशी ती जुळवली की फोटो कोणत्या सालानंतरचा, तेही कळतं.